यूएसबी पोर्टात एम-सील नको, परवानग्या लावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेवा केंद्र, पतसंस्था, शाळेची संगणक लॅब, कॉलेजसमोरचे झेरॉक्सचे दुकान, कुठेही जा, यूएसबी पोर्टच्या बाबतीत दोनच प्रकार दिसतात. एकीकडे सगळी पोर्टे सताड उघडी असतात. कोणीही यावे, पेनड्राइव्ह लावावा, हवे ते न्यावे, नको ते ठेवून जावे. दुसरीकडे कधीतरी व्हायरसने सगळा डेटा गेलेला असतो, म्हणून पोर्टात एम-सील भरलेले असते आणि वर ‘पेनड्राइव्ह लावू नये’ अशी पाटी असते. आम्ही संगणक देखभालीचे काम करणारी माणसे आहोत, आणि हे दोन्ही प्रकार चुकीचे आहेत असे आमचे स्पष्ट मत आहे. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत यूएसबी उपकरणांना परवानग्या लावण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे. तिला वेगळा पैसा लागत नाही. लागतो तो एक दुपारचा वेळ आणि ती कशी लावायची याची नेमकी माहिती. ती माहिती मराठीत फारशी मिळत नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी एम-सीलविषयी. आजच्या संगणकाला कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, अंगठ्याचे मशीन आणि डिजिटल सहीचे टोकन हे सगळे यूएसबीनेच जोडावे लागते. सेवा केंद्रात दाखल्यावर सही करायची तर टोकन लागते, आधारची ई-केवायसी करायची तर अंगठ्याचे मशीन लागते. त्यामुळे सगळी पोर्टे बुजवता येतच नाहीत. दोन-तीन मोकळी ठेवावी लागतात, आणि ज्याला पेनड्राइव्ह लावायचाच आहे तो माऊस काढून तिथे लावतो. म्हणजे बुजवण्याचा खर्च झाला, वॉरंटी गेली आणि दार उघडेच राहिले. पोर्ट प्रत्यक्षच बंद करायचे असेल तर कॅबिनेट उघडून समोरच्या पोर्टांची वायर मदरबोर्डवरच्या कनेक्टरवरून काढून ठेवावी. बहुतेक संगणकांत बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्येही, पोर्टे बंद करता येतात. मात्र बायोसला सुपरवायझर पासवर्ड ठेवला नाही, तर ती मिनिटभरात परत चालू होतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. पेनड्राइव्ह पूर्ण बंद केला की लोकांचे काम थांबत नाही, ते फक्त दुसऱ्या वाटेने जाते. ग्राहक आपले आधार कार्ड, सातबारा, गुणपत्रिका दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, किंवा दुकानातल्या संगणकावर आपला जीमेल उघडतो आणि बंद करायला विसरतो. ती कागदपत्रे डाउनलोड्स फोल्डरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतात. पेनड्राइव्हवरून थेट छापली असती तर तिथे त्यांची प्रत उरण्याचे कारणच नव्हते. पेनड्राइव्ह नीट परवानगीखाली चालू ठेवणे हेच ग्राहकाच्या हिताचे आहे.

आता मूळ विषय. कुठलेही यूएसबी उपकरण लावले की ते संगणकाला आपली ओळख सांगते: मी कोणत्या वर्गातले, माझ्या कंपनीचा क्रमांक अमुक, मॉडेलचा क्रमांक तमुक. कीबोर्ड आणि माऊस एका वर्गात, पेनड्राइव्ह दुसऱ्यात, प्रिंटर तिसऱ्यात, स्मार्ट कार्ड चौथ्यात. परवानगी लावायची ती या ओळखीच्या आधाराने. म्हणून पहिला प्रश्न ‘पोर्ट उघडे की बंद’ असा नसावाच. कोणत्या वर्गाचे उपकरण, कोणत्या माणसाने वापरले तर, काय करू द्यायचे, असा तो असावा. ‘काय’ याचेही तीन वेगळे भाग आहेत: वाचणे, लिहिणे आणि त्यावरचा प्रोग्राम चालवणे. या तिन्हींना वेगवेगळी कुलपे आहेत.

झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानाचे उदाहरण घेऊ, कारण गावातले निम्मे पेनड्राइव्ह तिथेच आजारी पडतात. दुकानाला ग्राहकाच्या पेनड्राइव्हवरची फाइल फक्त वाचायची असते. त्यावर लिहिण्याची गरज क्वचित पडते आणि त्यावरचा प्रोग्राम चालवण्याची गरज कधीच पडत नाही. म्हणून लिहिणे बंद, चालवणे बंद, वाचणे चालू.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत स्टार्टमध्ये ‘जीपीएडिट डॉट एमएससी’ टाइप करून ग्रुप पॉलिसी एडिटर उघडावा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, त्यात सिस्टिम आणि त्यात रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस इथपर्यंत जावे. इथे ‘रिमूव्हेबल डिस्क्स: डिनाय राइट ॲक्सेस’ आणि ‘रिमूव्हेबल डिस्क्स: डिनाय एक्झिक्यूट ॲक्सेस’ अशा दोन ओळी दिसतील. दोन्ही ‘एनेबल्ड’ कराव्यात. नेमकी इथेच सर्वांत जास्त चूक होते. लिहिणे ‘बंद’ करायचे आहे म्हणून माणूस ‘डिसेबल्ड’ निवडतो. पण ओळीचे नावच ‘मनाई’ आहे. मनाई चालू करायची तर ‘एनेबल्ड’च करावे लागते. ‘डिसेबल्ड’ केले तर मनाईच रद्द होते, आणि आपण कुलूप लावले अशा समजुतीत माणूस निर्धास्त राहतो. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘जीपीअपडेट’ ही आज्ञा ‘फोर्स’ जोडून द्यावी आणि लावलेला पेनड्राइव्ह काढून परत लावावा. तरी फरक दिसला नाही तर संगणक एकदा बंद करून चालू करावा.

त्याच यादीत सर्व प्रकारच्या रिमूव्हेबल साठवणुकीला सरसकट मनाई करणारीही एक ओळ आहे. घाईत तीच लावली जाते आणि मग टोकन का चालत नाही म्हणून फोन येतो. काही डिजिटल सहीची टोकने आणि बरेचसे इंटरनेट डोंगल लावल्याबरोबर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उभे राहतात. त्या ‘सीडी’त त्यांचे स्वतःचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, असते. ते बसले की मग ते टोकन किंवा मोडेम म्हणून काम करू लागतात. सरसकट मनाईत सीडीचा वर्गही येतो, त्यामुळे ड्रायव्हरच उघडत नाही. उपाय दोन: टोकनाचे ड्रायव्हर मनाई लावण्याआधीच बसवून घ्यावे, किंवा सरसकट मनाई न लावता फक्त रिमूव्हेबल डिस्कला लावावी. मोबाइल फोन मात्र रिमूव्हेबल डिस्कमध्ये मोडत नाही. केबलने जोडलेला अँड्रॉइड फोन विंडोजला पेनड्राइव्ह म्हणून दिसत नाही, ‘डब्ल्यूपीडी डिव्हाइस’ म्हणून दिसतो. त्याच्या वाचण्या-लिहिण्याच्या ओळी वेगळ्या आहेत. पेनड्राइव्हवर लिहिणे बंद करून फोनचे विसरले, तर ज्याला फायली न्यायच्या आहेत तो फोनमधून निवांत नेतो.

लिहिण्याच्या मनाईने नेमके कोणाचे रक्षण होते तेही समजून घेतले पाहिजे. ती ग्राहकाला दुकानापासून वाचवते. दुकानाच्या संगणकात शॉर्टकट व्हायरस असला तरी तो ग्राहकाच्या पेनड्राइव्हवर उतरू शकत नाही. दुकानाला ग्राहकापासून वाचवण्याचे काम चालवण्याच्या मनाईचे, आणि तिला एक मोठे भगदाड आहे. शॉर्टकट व्हायरस पेनड्राइव्हवरचे खरे फोल्डर हिडन आणि सिस्टिम या खुणा लावून लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. त्यावर क्लिक केले की पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम चालत नाही. चालतो तो सी ड्राइव्हमधला विंडोजचा स्वतःचा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, आणि तो पेनड्राइव्हवरची स्क्रिप्ट नुसती ‘वाचतो’. विंडोजच्या दृष्टीने पेनड्राइव्हवरून काहीच चालवले गेले नाही, त्यामुळे मनाई लागूच होत नाही. म्हणून जिथे स्क्रिप्टची गरज नाही तिथे विंडोज स्क्रिप्ट होस्ट बंद करावा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज इथे ‘एनेबल्ड’ नावाचे मूल्य शून्य करायचे. नसेल तर तयार करायचे. शिवाय फाइल एक्स्प्लोररमध्ये फायलींची शेपटे आणि लपलेल्या फायली दिसतील अशी सोय करावी. फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसला की तो शॉर्टकट, हे काउंटरवरच्या मुलाला दाखवून ठेवावे. लपलेले फोल्डर परत आणायला पेनड्राइव्ह फॉरमॅट मारण्याची गरज नसते. लिहिण्याची मनाई नसलेल्या स्वच्छ संगणकावर ‘ॲट्रिब’ या आज्ञेने वजा एच, वजा आर, वजा एस केले, फोल्डरांसाठी शेवटी तिरक्या रेघेसह एस आणि डी जोडले की सगळे दिसू लागते. कित्येकांच्या प्रबंधाच्या फायली हे माहीत नसल्यामुळे फॉरमॅटमध्ये गेल्या आहेत.

पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची जुनी खोड विंडोज ७ मध्ये काढून टाकली होती, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी व व्हिस्टासाठीही तसे अपडेट आले. त्यामुळे आता धोका लावण्यात कमी आणि क्लिक करण्यात जास्त आहे. मात्र विंडोज ७ ची सुरक्षा अपडेटे १४ जानेवारी २०२० ला थांबली आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा यंत्रावर परवानग्या लावल्या तरी खालची जमीन भुसभुशीतच आहे, हे मालकाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता खात्याविषयी, कारण बाकी सगळे यावर उभे आहे. बहुतेक दुकानांत आणि केंद्रांत संगणकावर एकच खाते असते, ते ॲडमिनिस्ट्रेटरचे असते आणि त्याला पासवर्डही नसतो. अशा यंत्रावर लावलेले कुठलेही कुलूप किल्लीसकट दारालाच टांगलेले असते. व्हायरस त्याच खात्याच्या अधिकारात चालतो आणि आपण लावलेली रजिस्ट्रीतली मूल्ये पुसू शकतो. म्हणून पहिले काम हे: ऑपरेटरसाठी साधे, म्हणजे स्टँडर्ड खाते करावे, ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वेगळे ठेवावे, त्याला पासवर्ड लावावा आणि रोजचे काम त्यावरून कधीही करू नये.

असे केल्यावर एक फार उपयोगी सोय हाती येते. मालकाने पेनड्राइव्हवर लिहावे, ऑपरेटरने लिहू नये, असे हवे असेल तर ‘एमएमसी’ उघडून त्यात ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर जोडताना ब्राउझ दाबावे, यूझर्सच्या टॅबवर जाऊन ‘नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स’ निवडावे. इथे यूझर कॉन्फिगरेशनमध्ये लावलेली वाचण्या-लिहिण्याची मनाई फक्त साध्या खात्यांना लागते. चालवण्याची मनाई मात्र संपूर्ण यंत्राला लावावी लागते.

विंडोजच्या होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. तिथे रजिस्ट्रीचा रस्ता आहे. लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल इथे ‘स्टोरेज डिव्हाइस पॉलिसीज’ ही किल्ली, शब्दांत जागा न सोडता, तयार करावी. तिच्यात ‘राइट प्रोटेक्ट’ नावाचे डीवर्ड मूल्य, तेही जोडूनच, १ करावे. संगणक परत सुरू केला की पेनड्राइव्ह फक्त वाचता येतात. हे सर्व खात्यांना सारखेच लागते, मालकालाही. हात घालण्यापूर्वी ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवावी.

इंटरनेटवर सर्वांत जास्त फिरणारा उपाय वेगळाच आहे. रजिस्ट्रीत सर्व्हिसेसमधल्या ‘यूएसबीस्टोर’चा ‘स्टार्ट’ आकडा ३ वरून ४ करा, पेनड्राइव्ह बंद, असा तो आहे. यावर विसंबू नये. त्या यंत्राला कधीच न लावलेला नवा पेनड्राइव्ह लावला की विंडोज त्याचे ड्रायव्हर बसवताना तो आकडा परत ३ करू शकते. शिवाय नव्या वेगवान एसएसडी डिस्क ‘यूएएसपी’ या वेगळ्या ड्रायव्हरवर चालतात. त्यांना या आकड्याशी काही देणेघेणे नसते.

सेवा केंद्र, पतसंस्था, दुय्यम निबंधकांचे कार्यालय अशा ठिकाणी याच्या पुढे जावे लागते, कारण तिथे लोकांची कागदपत्रे, फोटो आणि अंगठे असतात. तिथली रीत उलटी हवी: यादीत असेल तेवढेच उपकरण चालेल, बाकी काहीही नाही. यासाठी ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये सिस्टिमखाली डिव्हाइस इन्स्टॉलेशन आणि त्यात डिव्हाइस इन्स्टॉलेशन रिस्ट्रिक्शन्स ही जागा आहे. कामाचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे, कारण क्रम चुकला तर कीबोर्डच बंद पडतो.

आधी केंद्राची सगळी खरी उपकरणे लावून, ड्रायव्हर बसवून, एकदा चालवून पाहावीत. प्रिंटर छापतो का, स्कॅनर उचलतो का, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (त्या मशीनचा नोंदणीकृत प्रोग्राम) ‘रेडी’ दाखवते का, टोकनाने सही होते का. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येकाचे प्रॉपर्टीज उघडून डिटेल्स टॅबवर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. तिथे ‘व्हीआयडी’ (कंपनीचा) आणि ‘पीआयडी’ (मॉडेलचा) असे चार-चार अंक-अक्षरांचे क्रमांक दिसतात. सहसा वरच्या ओळीत पुढे ‘आरईव्ही’ही असते, खालच्या ओळीत नसते. यादीत खालची ओळ घ्यावी. वरची घेतली आणि उद्या मशीन बिघडून त्याच मॉडेलचे पण नव्या रिव्हिजनचे आले, तर ते नाकारले जाईल. ऑल-इन-वन प्रिंटर हा आतून तीन-चार उपकरणांचा गठ्ठा असतो: एकत्रित उपकरण म्हणून एक ओळख, छपाईची वेगळी, स्कॅनरची वेगळी, वर प्रिंट क्यू निराळा. यांतले एक जरी यादीतून सुटले तर नवा प्रिंटर बसवताना तो छापतो पण स्कॅन करत नाही, आणि माणूस प्रिंटरलाच दोष देतो.

हे क्रमांक ‘अलाऊ’ने सुरू होणाऱ्या डिव्हाइस आयडीच्या ओळीत भरावेत. कीबोर्ड, माऊस, ह्यूमन इंटरफेस आणि यूएसबी हब या वर्गांना वर्गाच्या ओळीतून परवानगी द्यावी. ‘ॲडमिनिस्ट्रेटर्सना ही बंधने ओलांडू द्या’ अशा अर्थाची ओळ चालू करावी; कीबोर्ड मोडला तर देखभालवाल्याला दार हवे. आणि हे सगळे झाल्यावरच ‘इतर धोरणांत न बसणारी उपकरणे बसवू नका’ ही शेवटची ओळ चालू करावी. ती आधी चालू केली आणि त्याच दिवशी कोणी माऊस बदलला, तर नवा माऊस हलणार नाही.

ही बंधने उपकरण ‘बसवण्या’वर आहेत. आधी बसलेली उपकरणे चालूच राहतात. म्हणजे गेल्या वर्षभरात ज्यांनी-ज्यांनी त्या यंत्राला पेनड्राइव्ह लावले, ते सगळे पेनड्राइव्ह अजूनही चालतील. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणे दाखवून, डिस्क ड्राइव्हज आणि पोर्टेबल डिव्हाइसेसखालच्या फिक्या दिसणाऱ्या जुन्या नोंदी अनइन्स्टॉल कराव्यात. हे केले नाही तर सगळी मेहनत अर्धी राहते, आणि बहुतेक ठिकाणी ती अर्धीच राहिलेली असते.

कार्यालयाचेच दोन-चार पेनड्राइव्ह चालू द्यायचे असतील तर मॉडेलच्या क्रमांकावर परवानगी देऊ नये, नाहीतर बाजारातला तोच पेनड्राइव्ह कोणीही आणेल. ‘डिव्हाइस इन्स्टन्स पाथ’ घ्यावा, त्यात शेवटी त्या एका पेनड्राइव्हचा अनुक्रमांक असतो. त्या शेवटच्या भागाचे दुसरे अक्षर ‘अँड’चे चिन्ह असेल तर समजावे की उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक नाही आणि विंडोजने पोर्टवरून एक बनवला आहे. असा पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावला की ओळख बदलते. तो परत करून चांगला घ्यावा. त्या पेनड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे पासवर्डचे कुलूप, लावावे, आणि बिटलॉकर नसलेल्या ड्राइव्हवर लिहिण्याला मनाई करावी. ही ओळ विंडोज कॉम्पोनंट्समध्ये बिटलॉकरखाली, रिमूव्हेबल डेटा ड्राइव्हजमध्ये आहे. मग पेनड्राइव्ह एसटीत विसरला तरी आतली कागदपत्रे पासवर्डशिवाय उघडत नाहीत.

उपकरण नाकारले गेले की विंडोज आपला संदेश दाखवते, आणि तो संदेश आपण मराठीत लिहू शकतो. ‘हे उपकरण इथे चालणार नाही. काउंटरवर विचारा.’ एवढे लिहिले तरी ऑपरेटरचा गोंधळ वाचतो. काय नाकारले गेले याची नोंद विंडोजच्या फोल्डरमध्ये, आयएनएफ या उपफोल्डरात, ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग’ या फाइलमध्ये मिळते. प्रिंटर का बसत नाही म्हणून डोके आपटण्याआधी ती उघडावी.

या सर्वांची एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उपकरण आपली ओळख स्वतःच सांगते आणि संगणक ती खरी मानतो. २०१४ मध्ये कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ या नावाने दाखवून दिले की पेनड्राइव्हच्या आतले फर्मवेअर (त्याचा स्वतःचा अंगभूत प्रोग्राम) बदलून तो स्वतःला कीबोर्ड म्हणवू शकतो आणि आपोआप आज्ञा टाइप करू शकतो. अशा उपकरणाला साठवणुकीची मनाई लागत नाही, कारण ते साठवणूक आहेच कुठे! म्हणून सापडलेला, वाटलेला, अनोळखी पेनड्राइव्ह कार्यालयाच्या यंत्राला लावू नये हा नियम परवानग्या लावल्यावरही तसाच राहतो.

शाळा, आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर दुखणे वेगळे असते. तिथे आर्डुइनोसारखा इलेक्ट्रॉनिक्स शिकण्याचा बोर्ड लावला की ‘परमिशन डिनाइड’ येते. साध्या खात्याला सिरियल पोर्ट वापरण्याचा अधिकार नसतो, एवढेच त्याचे कारण. उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांत हा अधिकार ‘डायलआउट’ गटाकडे असतो. विद्यार्थ्याचे खाते त्या गटात घालायचे, लॉगआउट करून परत यायचे, झाले. गटात घालण्याची ‘यूझरमॉड’ ही आज्ञा देताना मोठ्या जी आधी छोटा ए लावायला विसरू नये. तो विसरला तर खाते नव्या गटात जाते आणि बाकीच्या सगळ्या गटांतून निघते. शिक्षकाचे स्वतःचे खाते असेल तर सुडोचा, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचा, अधिकारही जातो, आणि मग रिकव्हरी मोडची धावाधाव. पोर्टच्या फाइलला ६६६ किंवा ७७७ अधिकार देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो एक तर टिकत नाही, कारण बोर्ड काढून लावला की ती फाइल नव्याने तयार होते, आणि दुसरे म्हणजे तो सगळ्यांनाच दार उघडून देतो. कायमचा नियम करायचा तर लिनक्सची उपकरणे सांभाळणाऱ्या ‘यूडेव्ह’च्या नियमांच्या फोल्डरमध्ये फाइल करून बोर्डाचा कंपनी क्रमांक, मॉडेल क्रमांक, गट आणि ०६६० हा अधिकार लिहावा. क्रमांकातली अक्षरे लहान लिपीत हवीत. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दाखवते तशीच उतरवावीत, मोठी लिहिली तर नियम जुळत नाही. जुळवण्यासाठी बरोबरची दोन चिन्हे, नेमून देण्यासाठी एक. मग नियम परत वाचायला लावून बोर्ड काढून लावावा.

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिपचे स्वस्त बोर्ड लावले की पोर्ट क्षणभर दिसून नाहीसे होते. हा परवानगीचा दोष नाही. अंधांसाठीच्या ब्रेल पट्टीला आधार देणारा ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम त्या चिपला ब्रेल उपकरण समजून ताब्यात घेतो. तो काढला की बोर्ड चालतो. पण लॅबमध्ये दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर तो प्रोग्राम काढू नये, फक्त त्या चिपपुरता त्याचा नियम बंद करावा.

लिनक्सवर पेनड्राइव्हच बंद करायचे असतील तर ‘यूएसबी-स्टोरेज’ आणि ‘यूएएस’ ही दोन्ही मॉड्यूल्स अडवावी लागतात. आणि ‘यूएसबीगार्ड’ हा यादीबाहेरची उपकरणे अडवणारा प्रोग्राम बसवणाऱ्याने आधी चालू उपकरणांची यादी तयार करून मगच सेवा सुरू करावी, नाहीतर पहिला बळी कीबोर्डचाच.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ‘यूएसबी प्रतिरोध’ नावाचे विंडोजसाठीचे मोफत साधन केले आहे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत ते २०१७ पासून दिले जाते. पेनड्राइव्हला पासवर्ड विचारणे, वाचण्या-लिहिण्याचा अधिकार ठरवणे, मजकूर एन्क्रिप्ट करणे ही कामे ते करते. ग्रुप पॉलिसीला हात लावायला जे कचरतात त्यांनी आपल्या विंडोज आवृत्तीवर ते चालते का हे पाहून जरूर वापरावे. आपल्याच घरचे साधन असून फार कमी ठिकाणी दिसते, याचे वाईट वाटते.

परवानग्या लावल्यावर खरेच लागल्या का, हे साध्या खात्यातून तपासावे, ॲडमिनिस्ट्रेटरच्या नव्हे. एका पेनड्राइव्हवर एक साधी फाइल आणि एक छोटा प्रोग्राम ठेवावा. फाइल उघडली पाहिजे, तिच्यात बदल जतन होता कामा नये, प्रोग्राम सुरू होता कामा नये. मग फोन केबलने जोडून हेच पाहावे. शेवटी छपाई, अंगठा, सही. विंडोजचे मोठे अपडेट आले की हे परत एकदा करावे. दहा मिनिटे पुरतात.

महोदय, आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून खरेदी करणाऱ्यांपुढे एक मागणी ठेवतो. शाळा, ग्रामपंचायती आणि सेवा केंद्रांसाठी संगणक घेताना दर कमी दिसतो म्हणून विंडोज होम आवृत्ती घेतली जाते, आणि वर सांगितलेले बरेचसे काम तिथेच अशक्य होते. निविदेत प्रो आवृत्ती किंवा लिनक्स असे स्पष्ट लिहावे. ‘वेगळे साधे खाते करून, यूएसबी परवानग्या लावून, तपासून देणे’ हे पुरवठादाराच्या कामात धरावे आणि त्याशिवाय बिल काढू नये. अंगठ्याचे मशीन आणि टोकन विकणाऱ्यांनी त्यांचे व्हीआयडी-पीआयडी खोक्यावर छापावेत. आज ते प्रत्येकाला खोदून काढावे लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न करणाऱ्यावर ₹२५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि उपकरणांची यादी, कोणत्या ओळी चालू केल्या आणि तारीख असा एक कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. देखभालवाला बदलला की नव्या माणसाला काही चालेनासे झाले म्हणून सगळ्या परवानग्या काढून टाकण्याखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही. त्या कागदाने तो दिसतो.

आपले विश्वासू,
संगणक देखभालीचे काम करणारे काही वाचक